बोटांनी बघणारा झॉइलस

आमच्या झॉइलसला दिसत नाही, हे दोन वर्षं मी एकटीच जाणत होते. बायकोच ना मी त्याची! तो दगडावर गिरमिट धरतो, मी ते फिरवायला त्याला गुंडाळलेली चामड्याची वादी ओढते. संगमरवरातले केस, लाटा, वेटोळी अशीच कोरावी लागतात, एकट्याचं काम नाही. म्हणून निभावलं. "डावीकडे, केसभर," मी पुटपुटायची. बाकी सगळं त्याच्या बोटांत होतं. खडकाला बांधलेली राजकन्या आंद्रोमेदा, तिला सोडवायला उडत आलेला वीर पेर्सेउस, खाली समुद्रातला राक्षस. किती भिंतींसाठी कोरलंय त्यानं हे!

पण आम्ही गुलाम. मालक व्हिबियस आत आला की मी पटकन त्याच्या आणि झॉइलसच्या मधे उभी राहायची. निकामी गुलामाला मालक नदीतल्या बेटावर, वैद्यदेवाच्या दारात सोडून येतात. आमच्याकडे दगड घासणाऱ्या स्टाखिसला असंच सोडलं. देव बरं करेल म्हणे! परत कोण आलंय तिथून?

"उगीच घाबरतेस, ख्रेस्ते," झॉइलस म्हणायचा. "त्याला स्वतःचं पोट दिसत नाही, माझे डोळे काय दिसणार!"

"दात काढू नकोस. उजवीकडे घे."

आंद्रोमेदाची शिळा झाली. ती जिच्या जेवणघरात लागायची ती बाई स्वतः बघायला आली, बरोबर सहा वर्षांची लेक. शिळा बघून बाई खूश. म्हणाली, "समोरच्या भिंतीला फुलं वेचणारी फ्लोरादेवी करा. आणि तोंड माझ्या लेकीचं हवं."

"बघून घे रे नीट," मालक झॉइलसला म्हणाला.

मेलो आता! देवांचे चेहरे बोटांना पाठ, हिचा कुठून आणणार? मी मागून अंगरखा ओढतेय तरी हा गुडघ्यावर बसला आणि पोरीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायला लागला. कपाळ, भुवया, नाक.

"गुदगुल्या होतात!" पोरगी खिदळली.

मालकानं त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

"हे काय चाललंय?" बाईनं विचारलं.

"आमच्याकडची पद्धतच आहे, बाईसाहेब," मालक हसत म्हणाला. ती गेल्यावर मला बाजूला घेतलं, तेव्हा हसू पार गेलं होतं. "फ्लोराची शिळा पुरी होईपर्यंत राहू दे त्याला. मग बेट."

दोन महिन्यांचं काम. पाच झाले. मालक रोज ओरडतो, मी रोज वादी ओढते. झॉइलस मात्र निवांत सांगतो, "पोरीचं वाढतं वय आहे, मालक. तिला पुन्हा आणा, नाक बदललं असेल."