मनगटाचा रामराम

मागच्या वेळी तुम्ही दोघं सुरतला आलात तेव्हा सकाळी माझ्याबरोबर फिरायला यायचात. तिसऱ्या दिवशी धाकटीनं माझा हात ओढून विचारलं होतं, "आजी, ही माणसं आपल्या ओळखीची नाहीत, मग तू हसतेस कशाला?" मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. अनोळखी माणसाशी बोलू नये असं तुम्हाला शाळेत शिकवतात, तसं मलाही शिकवलं होतं. आमच्या मिशनरी शाळेतल्या मॅडम म्हणायच्या, कुणी ओळख करून दिल्याखेरीज तोंड उघडायचं नाही. त्यामुळे उत्तर द्यायला मला वेळ लागला. मी तुमच्याकडे कायमची राहायला का आले नाही, हेही त्याच उत्तरात आहे. म्हणून आता नीट लिहिते.

थंडीत इथे सात वाजताही उजेड पुरता उतरलेला नसतो. खाडीवरून धुकं येतं, त्यात कापड रंगवणाऱ्या मिलची वाफ मिसळते आणि आमचा रस्ता कुठे संपतो ते कळत नाही. माणसं आधी दिसत नाहीत, त्यांच्या चपला ऐकू येतात. मग एक शाल, एक टोपी, एखादा डबा असं हळूहळू धुक्यातून जमत जातं आणि त्याचा माणूस होतो. मला ती वेळ फार आवडते. झोप आणि जाग यांच्या मधल्या खोलीतून चालल्यासारखं वाटतं.

तुमचे आजोबा होते तोवर रामराम घालणं हे त्यांचं काम होतं. मी दोन पावलं मागे, गप्प. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी एकटी बाहेर पडले, तर समोरून येणारी माणसं माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायची, क्षणभर थांबायची आणि मग मला हात जोडायची. आजोबांच्या वाट्याचे नमस्कार असे माझ्याकडे आले. ते परत करायला मी शिकले. पांढऱ्या साडीतल्या उंच बाईंना जय जिनेंद्र, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या काकांना जय श्रीकृष्ण, कोपऱ्यावरच्या खानदेशी चहावालीला रामराम. ज्याचा त्याचा नमस्कार ज्याला त्याला. हे सगळं मी डायरीत लिहून ठेवलं. तुम्हाला आजी माहीतच आहे. एक नियमही केला: तीन दिवस उत्तर आलं नाही, तर त्या माणसाला पुन्हा त्रास द्यायचा नाही.

या नियमानंच माझी चूक झाली.

सव्वासातला एक माणूस समोरून यायचा. पन्नाशीचा, किडकिडीत, केसांवर आणि भुवयांवर सुताची बारीक पांढरी लव. कापड विणणाऱ्या लूमवरची रात्रपाळी संपवून तो घरी चाललेला असे. मी रामराम म्हटलं. तो बोलला नाही. उजवा हात वर करून त्यानं फक्त मनगट फिरवलं, आपण "काय आहे? काय पाहिजे?" असं विचारताना फिरवतो तसं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला ते लागलं. चौथ्या दिवसापासून तो दिसला की मी रस्त्याच्या पलीकडे बघू लागले. पंधरा-वीस दिवस असेच गेले.

शेवटी चहावालीनंच मला हटकलं. त्या भाऊनं तुमचं काय बिघडवलं, माय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तो साधा रामरामही घेत नाही, वर हात उडवतो. ती हसायला लागली. हातातलं गाळणं खाली ठेवून हसली.

"त्याले आते ऐकूच येस नही, माय. त्याना कान आजून लूमवरच शेतस."

मग तिनं समजावलं. तिचा नवराही याच कामातला. बारा तास त्या खडखडाटात उभं राहिलं की सुटी झाल्यावरही तासभर कानांत काही शिरत नाही. आत ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. दोन लूमच्या पलीकडून हात वर करून मनगट फिरवायचं, म्हणजे "बरं आहे ना? चाललंय ना?" समोरच्यानंही तसंच फिरवायचं, म्हणजे "चाललंय". तो माणूस माझी रोज विचारपूस करत होता आणि मी तोंड फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी तो धुक्यातून येताना दिसल्याबरोबर मीच हात वर केला आणि मनगट फिरवलं. तो थांबला. मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आहे का म्हणून. मग सगळे दात दाखवून हसला आणि त्यानंही फिरवलं. त्यानंतर आमचं रोज चालू राहिलं.

त्याच दिवसांत तुमच्या बाबाचा आग्रह वाढला. घर भाड्यानं दे, उन्हाळ्याआधी इकडे ये, तिकीट मी काढतो. त्याचं चूक नव्हतं. एकदा फोनवर तो म्हणाला, "आई, तू पडलीस किंवा आजारी पडलीस, तर तिथे कळणार कोणाला?" मी डायरी उघडून बसले. नमस्कारांची यादी होती, पण तिच्यात एकही नाव नव्हतं. मी त्याला म्हटलं, काढ तिकीट. चार दिवसांनी काढतो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मला ताप आला. डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन पाच दिवस अंथरुणात होते. तापात मला तोच रस्ता दिसायचा, सगळीकडे पांढरं, आणि त्या पांढऱ्यात नुसते हात फिरताहेत. बाबाला मी काही कळवलं नाही. फोनवर आवाज सर्दीचा आहे म्हणाले. तुम्ही मात्र असं कधी करू नका.

सहाव्या दिवशी जिना उतरून खाली आले, तर आमचे वॉचमन खुर्चीवरून उठले आणि हसत सुटले. बा, तुमची नक्कल बघायला हवी होती, म्हणाले; इथे आजीला बा म्हणतात. तापाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक लूमवाला फाटकाशी येऊन उभा राहिला; मी इथूनच बाहेर पडते हे त्यानं पाहिलं असावं. विचारायला त्याच्याकडे नाव नव्हतं. त्यानं मी धरते तशी बगलेत काठी धरल्यासारखं केलं, हनुवटी वर केली, चष्मा सारखा केला आणि फाटकासमोर ताठ चार पावलं टाकून दाखवली. वॉचमननी लगेच ओळखलं: "आ तो बीजा माळवाळां बा!" म्हणजे या तर दुसऱ्या मजल्यावरच्या बा. मग त्याला कपाळावर हात ठेवून ताप दाखवला. पुढचे दोन दिवसही तो येऊन नुसतं मनगट फिरवून विचारून गेला. रात्रभर उभा राहिलेला माणूस, घर दुसऱ्या दिशेला.

मी फाटकातून बाहेर पडले. तो आला तेव्हा मला रामराम म्हणायचं होतं. पण त्याआधीच हात वर गेला.

घरी येऊन बाबाला सगळं सांगितलं, तापासकट. तो आधी रागावला, मग म्हणाला,

"त्याचं नाव काय, आई?"

"माहीत नाही."

"आणि त्याला तुझं?"

"त्यालाही नाही. पण मी चालते कशी, ते त्याला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

तो हसला. तिकीट अजून काढलं नव्हतं, म्हणाला. उन्हाळ्यात आम्हीच येतो.

म्हणजे तुम्ही याल. सकाळी सात वाजता माझ्याबरोबर उतरायचं आहे. उन्हाळ्यात धुकं नसतं, तो लांबूनच दिसेल. तोवर आरशासमोर सवय करा: उजवा हात वर, बोटं सैल, आणि मनगट एकदाच, सावकाश.