पाडायला मार्क नाहीत

तिला गल्लीत सगळे कडकबाई म्हणत. कडक इस्त्री करते म्हणून हे नाव पडलं, असं ती सांगायची. गल्लीचं म्हणणं निराळं होतं. तिच्याकडून आलेली कॉलर मान कापेल अशी, आणि जीभ त्याहून धारेची. "बटण तुटलंय हो," असं गिऱ्हाईक म्हणालं की उत्तर तयार असे, "पोट आत घ्या, मग बोलू."

नवरा लग्नाच्या सातव्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. थोरल्या जाऊबाईंनी 'माहेरी जा' असं तोंडाने म्हटलं नाही, फक्त तिची ट्रंक पलंगाखालून ओढून, पुसून, दाराजवळ ठेवली. तिने ती परत आत ढकलली, रस्त्याकडच्या खोलीत टेबल मांडलं, त्यावर जाड कांबळं अंथरलं आणि इस्त्री तापवली. त्या दिवशी घरात तिच्या बाजूने एकच माणूस बोलला. सासरे. "राहू दे तिला. घरात एक तरी माणूस कामाचं हवं."

सासऱ्यांनी एका मोठ्या कचेरीत पस्तीस वर्षं लिफ्ट चालवली होती. म्हातारपणी पायांतलं बळ गेलं आणि चाकाची खुर्ची आली. घर रस्त्यापासून चार पायऱ्या वर. "जन्मभर लोकांना वरखाली केलं," ते म्हणायचे, "आता माझी लिफ्ट तुम्ही दोघं." दोघं म्हणजे सून आणि समोरचा पंक्चरवाला. रोज संध्याकाळी ते म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून खाली ठेवायचे, तासभराने परत वर न्यायचे. कुणाची काही तक्रार नव्हती. इंजिनीअरिंग कॉलेजने मध्ये हात घातला तो इथे.

कॉलेज हमरस्त्याच्या पलीकडे. तिथे शिकवण्याची नवी पद्धत आली. फळ्यावरची गणितं पुरे झाली, आता वस्तीत जा, लोकांची अडचण शोधा, बारा आठवड्यांत ती सोडवा, असं. ऐकायला झकास. चालत जाता येईल अशी जवळची वस्ती म्हणून ही गल्ली निवडली गेली, आणि दरवर्षी मुलांची नवी तुकडी वह्या घेऊन पायऱ्यांवर उभी राहू लागली.

पहिल्या वर्षीच्या मुलांनी प्रत्येक घरात साठ प्रश्न विचारले आणि ती गेली ती गेलीच. दुसऱ्या वर्षीच्यांनी खांबाला कचऱ्याचा डबा लावला. भरला की शिट्टी वाजणार होती. तो रिकामा असतानाच वाजायचा; आठवड्याच्या आत कुणीतरी त्याची वायर उपटली. तिसऱ्या वर्षीच्यांना सासरे दिसले.

त्यांनी चार पायऱ्यांवर सिमेंटचा रॅम्प बांधला. कडेला माणूस तिरका होऊन जेमतेम चढेल एवढीच पायरी मोकळी ठेवली. उद्घाटनाला फोटो निघाला. उतारावर चाकाच्या खुर्चीत हसणारे सासरे, भोवती टाळ्या वाजवणारी मुलं. खुर्ची घसरू नये म्हणून मुलांपैकी दोघांनी ती मागून गच्च धरली होती. ते दोघे वाकलेले होते, म्हणून फोटोत आले नाहीत.

नवव्या दिवशी सासरे एकटेच निघाले. सून मागे कपडे वाळत घालत होती. "आता कुणाला हाक मारायला नको" याचंच म्हाताऱ्याला अप्रूप होतं. चाकांना आवर बसला नाही. खुर्ची सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. उजवं मनगट मोडलं, आणि मनगटापेक्षाही मोठं काहीतरी मोडलं. त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. पूर्वीसारखं उचलून न्यावं, तर खुर्ची धरून दोघांना उतरायला पायऱ्याच उरल्या नव्हत्या. दीड वर्ष त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढलं आणि एका दुपारी गेले.

रॅम्प राहिला. पावसाचं पाणी त्याच्यामागे तुंबून कडकबाईच्या खोलीत शिरायचं. गिऱ्हाईक ठेचकाळायचं. ती नगरपालिकेत गेली. "आम्ही बांधला नाही, आम्ही कसा पाडणार?" ती कॉलेजात गेली. तिथला कारकून कागद चाळून म्हणाला, "हा प्रकल्प पूर्ण झालाय." येताना तिने कॉलेजच्या व्हरांड्यात तो फोटो पाहिला, काचेत बसवलेला. त्या दिवसापासून तिने कॉलेजचा एकही शर्ट इस्त्रीला घेतला नाही.

सातव्या वर्षी पाच जणांची तुकडी आली. पुढारी एक चष्मेवाली मुलगी होती, चटपटीत, सगळ्यात पहिला नंबर काढणारी.

"मावशी, पाच मिनिटं बोलू का?"

"मी कुणाची मावशी नाही. माझ्या बहिणीला मुलं नाहीत."

मुलगी हसली. तिला वाटलं, विनोद आहे. तिने वही उघडली. "इथे राहताना तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

"तुम्ही."

"म्हणजे?"

कडकबाईने कपड्यांवर शिंपडायच्या पाण्यात हात बुडवला आणि वहीवर सपकन शिपका मारला. शाई पसरली. तुकडी खाली उतरली.

पण चार दिवसांनी मुलगी परत आली, आणि या वेळी तिच्या चेहऱ्यावर गरज दिसत होती. कॉलेजने नवा नियम काढला होता: ज्यांच्यासाठी काम केलं त्यांची सही नसेल, तर मार्क नाहीत. बाकीच्या घरांनी 'आधी कडकबाईला विचारा' म्हणून हात झटकले होते.

"सही पाहिजे?" कडकबाईने इस्त्री उभी केली. "हे पाडा. मग देते."

"पण आम्हाला काहीतरी नवीन बांधावं लागतं. पाडायला मार्क नाहीत."

"बांधायला होते ना? त्याचेच फेडा."

मुलांनी हरप्रकारे मनवून पाहिलं. घडीचं टेबल करून देतो म्हणाले. मोबाइलवर इस्त्रीची मागणी घ्यायची सोय करतो म्हणाले. त्यातला एक उंच पोरगा वैतागून बोलून गेला, "फुकट मिळतंय तर यांना किंमत नाही."

"फुकट?" ती म्हणाली. "माझा सासरा गेला त्यात."

घरात जाऊबाईंनी लकडा लावला. "अगं, पोरांचं वर्ष जाईल. एक सही तर करायची. मामंजी काय परत येणार आहेत?"

"जाऊबाई, तुम्हाला सगळंच चटकन उचलून दाराजवळ ठेवायची सवय."

जाऊबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. घर जरा शांत झालं.

मग त्यांचे सर आले. किडकिडीत, खांद्याला पिशवी, आवाज मऊ. शिकवण्याची ही पद्धत कॉलेजात त्यांनीच आणली होती आणि तिच्यावर त्यांचा मनापासून जीव होता, हे बोलण्यात कळत होतं. "ताई, चुकांमधूनच मुलं शिकतात."

"शिकू देत की. स्वतःच्या बापाला बसवा खुर्चीत आणि शिका."

सर काही बोलणार तेवढ्यात मुलगी मध्ये पडली. ती इतका वेळ टेप घेऊन रॅम्पपाशी उकिडवी बसली होती. "सर, चढ दोन फुटांचा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे चोवीस फूट पाहिजे होते. हा आठ फूट आहे."

"जागा नव्हती," सर म्हणाले.

"मग बांधायचाच नव्हता ना? मी ग्रंथालयात त्या वर्षीचा अहवाल काढला. त्यात चोवीस लिहिलंय. त्याखाली लिहिलंय, 'जागेअभावी लांबी कमी केली'. त्याला शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क आहेत. तपासणाऱ्याची सही तुमची आहे."

सरांचा चेहरा पांढरा पडला. "बारा आठवडे संपत आले होते," ते म्हणाले. "पहिलंच वर्ष होतं बांधकामाचं. काहीतरी उभं दिसायला हवं होतं. नाहीतर ही पद्धतच बंद झाली असती."

कडकबाईला वाटलं होतं की असं काही कानावर पडलं तर काळजाला थंडावा मिळेल. तो मिळाला नाही. इतकी वर्षं ती समजत होती की पोरांना कळलं नाही. त्यांना कळलेलं होतं. कागदावर नीट लिहिण्याइतकं कळलेलं होतं.

"चालते व्हा," ती म्हणाली. "आणि येताना घण घेऊन या."

रविवारी सकाळी चार जण आले. उंच पोरगा आला नाही. त्याने दुसऱ्या तुकडीत नाव घातलं. चौघांना वाटलं होतं, दुपारपर्यंत आटपेल. पण रॅम्प चुकीचा होता तरी कच्चा नव्हता. आत सळ्या होत्या. पहिल्या तासात दोघांचे तळहात सोलले. पंक्चरवाला बाकावर बसून सल्ले देत होता. कडकबाईने चहा विचारला नाही, पाणीसुद्धा नाही. दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "माती माझ्या खोलीत आली तर खबरदार."

तिसऱ्या दिवशी रॅम्पखालच्या पायऱ्या दिसल्या. रॅम्प चिकटावा म्हणून त्या वर्षीच्या मुलांनी चारही पायऱ्यांच्या कडा फोडून टाकल्या होत्या. मुलगी मटकन खाली बसली. "आता याही बांधायच्या?"

"मग मी काय उडत जाऊ?"

त्यांनी फळ्या ठोकून कडा भरल्या. सुकल्यावर कडकबाई चप्पल काढून चढली आणि तिसऱ्या पायरीवर थांबली. "ही उंच आहे."

मुलीने टेप लावला. "बोटभर फरक आहे फक्त."

"कपड्यांचा भारा डोक्यावर असला की मी खाली बघत नाही. पाय सवयीने पडतो. बोटभर फरकाने माणूस तोंडावर आपटतो. फोडा."

मुलीच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. तिने ती पायरी स्वतः फोडली, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या खेपेला पाणसळ लावून, दोरी ताणून, प्रत्येक पायरी चारदा मोजून भरली. कडकबाई भारा घेऊन वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग तिने कागद मागितला आणि सही केली. सहीच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'काम झालं.' आभार वगैरे काही लिहिलं नाही.

कॉलेजात त्या कामाला शंभरपैकी सत्तेचाळीस मार्क मिळाले. 'नावीन्य' या रकान्यात शून्य. सर मुलांसाठी तावातावाने भांडले म्हणतात, पण त्यांना स्वतःचीच बाजू सांभाळता येत नव्हती. तो एक्क्याण्णवचा कागद मुलीने वरपर्यंत पोचवला होता. पुढल्या वर्षी प्रकल्पांची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेतली.

निकालाच्या दिवशी मुलगी गल्लीत आली. वर चढली नाही, खालूनच बोलली. "तुमच्यामुळे माझा पहिला नंबर गेला. चार वर्षांत पहिल्यांदा."

"वाईट वाटतंय?"

"तुमचा राग येतोय."

"येऊ दे," कडकबाई म्हणाली. "तो जपून ठेव. कुणी लांबी कमी कर म्हणालं की काढ."

मुलगी वळली आणि गेली. पुन्हा कधी आली नाही.

कॉलेजने ती गल्लीही सोडली. लोक सहकार्य करत नाहीत, असा शेरा मारला. नवीन तुकडी कालव्यापलीकडच्या चाळींत गेली. हे पंक्चरवाल्याकडून कळलं तेव्हा कडकबाईने सोमवारी दुकान बंद ठेवलं आणि चालत तिकडे गेली. तिथे एका सुताराच्या दारापुढे चार मुलं दोरी धरून मापं घेत होती. सुतार कौतुकाने बघत होता.

"काय बांधतायत?" तिने विचारलं.

"पाणी भरायला ओटा. कॉलेजची मुलं आहेत, हुशार आहेत."

"सांडलेलं पाणी कुठे जाणार?"

सुताराने ओट्याच्या जागेकडे पाहिलं, मग स्वतःच्या उंबऱ्याकडे पाहिलं. मुलांनी दोरी खाली ठेवली.

"तुम्ही इंजिनीअर आहात का बाई?" सुताराने विचारलं.

"नाही हो. इस्त्री करते," ती म्हणाली, आणि सुताराने पुढे सरकवलेल्या स्टुलावर पदर खोचून बसली. "दाखवा रे पोरांनो, कागदावर काय लिहिलंय ते आधी दाखवा."