चुडाव्याची वंदना आणि बंद रेकॉर्डर

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की फाटे फोडणारा तो मीच. हयातभर साउंड रेकॉर्डिस्टचं काम केलं. यंत्रात जे शिरतं तेच बाहेर येतं, एवढाच माझा विश्वास. तरी हे लिहितोय... हसायचं तर खुशाल हसा.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पुण्याच्या एका युनिटसोबत आम्ही पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्याला गेलो होतो. नामांतराची गाणी रचून म्हणणाऱ्या कौसाबाईंचं शूटिंग होतं. मी परभणीचा, म्हणून बाईंशी बोलायचं कामही माझ्याच गळ्यात. दुसऱ्या दिवशी नांदेडला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि आवाज राहील याची डॉक्टर खात्री देत नव्हते. त्यांची मुलगी सुशीलाताई, शाळेत शिक्षिका. ती एवढंच म्हणाली, "दादा, आईचं एक गाणं तरी नीट घ्या. मंग काय व्हायचं ते होऊ द्या."

आता जरा तांत्रिक. चित्र कॅमेऱ्यात, आवाज माझ्या डिजिटल रेकॉर्डरवर. आधी दोन्ही वायरने जोडून त्यांची घड्याळं एक करायची. मग दोन्ही टेपांवर तोच टाइमकोड, म्हणजे धावत्या वेळेचे आकडे, उमटतात. एडिटिंगला आकड्यावर आकडा ठेवला की ओठ आणि शब्द जुळले. नेमकी माझ्या रेकॉर्डरची बॅटरी बसली. नवी घातली तर घड्याळ शून्यावर! वायर जोडणार, तोच कौसाबाई उठल्या आणि त्यांनी त्रिशरण सुरू केलं. आम्हा बौद्धांत वंदना सुरू झाली की हातातलं काम ठेवून उभं राहायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. रेकॉर्डर सतरंजीवर ठेवून मीही हात जोडले. पुण्याच्या कॅमेरामनने मात्र कॅमेरा चालूच ठेवला. वंदना संपली आणि बाईंनी न थांबता थेट गाणंच उचललं. मी धडपडत बटण दाबलं, तोवर पहिलं कडवं गेलं होतं. शेवटी शेवटी त्यांचा आवाज चिरकला. पुन्हा म्हणा म्हणायची माझी छाती झाली नाही. सुरुवात गेली, असं मी सुशीलाताईला सांगून टाकलं. ती आईसाठी पाणी आणायला गेली.

पुण्यात मेल्याहून मेल्यासारखा होऊन टेप लावली... आणि टेपवर वंदना! अख्खी. तिच्यामागोमाग पहिलं कडवं. आकडेही थेट कॅमेऱ्याचेच. चित्रात मी कडेला हात जोडून उभा, रेकॉर्डर सतरंजीवर, त्याचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद — आणि आवाजात माझं 'सरणं गच्छामि', माझ्याच ओठांशी तंतोतंत जुळलेलं. एडिटरचं म्हणणं, तू बटण आधीच दाबलं असशील. मग दिवा? मग आकडे? मला तर सुटलो म्हणून रडूच आलं.

ऑपरेशन सुखरूप झालं, आवाज गेलाच. मी कॅसेट घेऊन चुडाव्याला गेलो. टीव्हीसमोर बसून कौसाबाई आपल्याच गाण्याबरोबर ओठ हलवत होत्या, एकही शब्द न चुकता. सुशीलाताई डोळ्याला पदर लावून बसलेली. गाणं संपल्यावर बाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि हसत नुसत्या ओठांनी काहीतरी म्हणाल्या. मला कळेना. सुशीलाताईने ओठ ओळखले.

"आई म्हणायलीय, वंदना तुमी लय बेसूर म्हन्ता."

तो बेसूर आवाज टेपवर कसा उतरला, हे आजही मला सांगता येत नाही. एडिटरला तो काढून टाकायचा होता. मी काढू दिला नाही.