आतलं झाकण

प्रिय आर्या आणि निहार,

पुढे जे लिहिते आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनासुद्धा नाही — आणि त्यांना तर भाजीत मीठ जास्त पडलं तर मी वाढायच्या आधीच सांगून टाकायची.

मग आत्ताच का? कारण तुमच्या तिकडच्या टीव्हीवरचा तो कार्यक्रम. तुम्ही पाठवलेला तुकडा मी तीनदा पाहिला. लोक जुनी खिशातली घड्याळं घेऊन रांगेत उभे, पांढरे हातमोजे घातलेला तो गृहस्थ घड्याळ कानाशी नेतो, मागून उघडतो, जरा थांबतो — आणि मग असं काही बोलतो की समोरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी! आता पणजोबांचं चांदीचं घड्याळ घेऊन तुम्हीही तिथे जाणार म्हणता. आणि विचारता, आजी, ही माणसं खरं सांगतात का गं?

मला काय माहीत? त्या गृहस्थाला मी ओळखत नाही. पण घड्याळ पारखणारी एक व्यक्ती मला चांगली माहीत आहे. तीही उघडायची, जरा थांबायची, आणि मग बोलायची. तो थांबा फार महत्त्वाचा असतो, पोरांनो. सगळा विश्वास तिथेच बसतो.

क्रमाने सांगते. लग्न होऊन मी आखाडा बाळापूरला आले तेव्हा आपला जिल्हा परभणी होता आणि गावात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून म्हणजे मीच. कुणाच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, कुणाच्या रेडिओची कुठली कळ कशाची — सगळं माझ्याकडे यायचं. सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, मला हाक मारून बाहेर बोलवायचे आणि मी वाचत असताना लोकांच्या तोंडाकडे बघत बसायचे. मला ते आवडायचं का? — फार आवडायचं.

समोरच्या घरात किसनकाका राहायचे. सासऱ्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांकडेही साखळीचं घड्याळ, आणि त्यावरून दोघांचं रोजचं भांडण. आपलं घड्याळ हैदराबादहून आलेलं, अस्सल चांदीचं, असं सासरे सांगायचे. काकांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचे वडील हिंगोलीच्या रेल्वे लाइनीवर रूळ राखणारे गँगमन होते. मोठ्या पुरात त्यांनी गाडी वाचवली आणि सायबानं स्वतःच्या हातानं घड्याळ दिलं, आत लिहूनसुद्धा दिलं. पण काकांनी मागचं झाकण कितीदा उघडलं तरी आत नुसता गुळगुळीत पत्रा दिसायचा.

सासरे सोडतात होय! "काहून रे किसन्या, सायबाची शाई वाळून गेली व्हय?"

"माझा बाप खोटं बोलत न्हाई," काका म्हणायचे. हसतच म्हणायचे. पण दर वेळी तेच म्हणायचे.

दुष्काळ सरून पहिली चांगली ज्वारी आली, त्या हिवाळ्यात दोघांची पैज लागली. सूनबाई दोन्ही घड्याळं बघतील. हरेल त्यानं साऱ्या आळीला हुरडा खाऊ घालायचा. ओट्यावर ही गर्दी! कुणीतरी मला बसायला खुर्ची आणून दिली. सासरे उभे आणि मी खुर्चीत — सासूबाईंचा चेहरा मला अजून दिसतो.

आधी आपलं घड्याळ पाहिलं. कडांवरचा मुलामा उडून पिवळं पितळ दिसत होतं. आत साधं, बाजारी यंत्र. चांदी त्यात नावालाही नव्हती.

मग काकांनी त्यांचं घड्याळ माझ्या हातात दिलं. "तुमी वाचा, सूनबाई. तुमी म्हणाल ते खरं. मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

मी उजेडासाठी पाठमोरी झाले. मागचं झाकण उघडलं. आत तो गुळगुळीत पत्रा. पण माझ्या वडिलांकडे तसंच घड्याळ होतं, त्यामुळे मला ठाऊक होतं — तो पत्रा नसतो, दुसरं झाकण असतं. काठाला नख लावलं की उघडतं. मी नख लावलं. ते उघडलं. त्याच्या आतल्या अंगाला बारीक, वळणदार इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. दोन ओळी.

मी त्या वाचल्या. झाकण मिटलं. वळले. आणि जरा थांबले.

म्हणाले, "आत कंपनीचा शिक्का आहे, काका. बाजारात मिळतं तसलं घड्याळ आहे. मामंजींचं मात्र चांदीचं आहे. विलायती."

का? सासऱ्यांचा मान राहावा म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. मान राखायचाच होता तर दोन्ही घड्याळं चांगली म्हणता आलं असतं, नाही का? पण खुर्चीत बसलेल्या माणसाला निकाल द्यावासा वाटतो. निकाल म्हटला की कुणीतरी हरायला हवं. आणि मला आपल्या घराची जीत हवी होती.

हुरडा मात्र झकास झाला! काकांनी स्वतः कणसं भाजली, स्वतः चोळली, पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. "खा, मास्तरीणबाई. हरलो तर हरलो, ज्वारी तर गोड हाय." सगळे पोट धरून हसले. मीही हसले. लसणाची चटणी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर काकांनी ते घड्याळ लावलं नाही. पूर्वी न विचारता गावभर वेळ सांगत फिरणारा माणूस एसटीच्या थांब्यावर दुसऱ्यांना विचारू लागला, "किती वाजून राहिले हो?" वडिलांची आणि पुराची गोष्ट त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकली नाही. शब्द पाळला त्यांनी.

पुढे एकदा दुपारी त्यांच्या सुनेनं ते घड्याळ जुन्या कपड्यांबरोबर भांडेवालीला दिलं. मी ओट्यावर गहू निवडत होते. भांडेवालीनं घड्याळ कानाशी हलवलं, तोंड वाकडं केलं, आणि स्टीलच्या डब्यावर एक पळी वाढवून दिली. दोघींची घासाघीस बराच वेळ चालली होती. उठून रस्ता ओलांडायला मला कितीसा वेळ लागला असता? मी गहू निवडत राहिले. खडे एकूण एक काढले.

सासरे गेले तेव्हा त्यांचं घड्याळ तुमच्या बाबांना मिळालं, तेच आता तुमच्या कपाटात आहे. खुशाल न्या त्या कार्यक्रमात. तो गृहस्थ पितळ म्हणाला तर समजा की तो खरं सांगतो. चांदी म्हणाला तर समजा, त्यालाही खुर्ची आवडते.

हे सगळं मी दोनदा लिहून काढलं आहे. पहिली प्रत उद्या सकाळी समोरच्या घरी, काकांच्या नातीच्या, सुनीताच्या हातात देणार आहे. ती काय म्हणेल ते म्हणेल.

काका नाहीत. ते घड्याळ कुठे वितळलं कुणास ठाऊक. झाकणावरच्या त्या दोन ओळी मात्र माझ्याजवळ आहेत, एक अक्षरही विसरले नाही. मराठीत सांगायचं तर: "लक्ष्मण राघोजी, गँगमन, यांस. पुराच्या पाण्यात रुळावर उभे राहून त्यांनी गाडी थांबवली."