इथे पळायचं

आमच्या कोपऱ्यावर शाळेजवळ नवा फलक लागला, तेव्हा त्याच्या खांबाला हार घातला होता, नारळही फुटला होता. पाहुणे रस्त्यावरच्या शिस्तीबद्दल इतका वेळ बोलले, की समोर बसवलेली मुलं पेंगायला लागली. फलकावर लाल त्रिकोण, आणि त्यात दप्तर घेऊन पळणारी दोन मुलं.

माझी नात मुक्ता बालवर्गात आहे. बाईंनी त्यांना वाहतुकीची चिन्हं शिकवलीत. शाळेत सोडायला जाताना मी तिची परीक्षा घेतो.

"हे काय गं?"

"भोंगा वाजवायचा नाही."

"आणि तो बाण?"

"डावीकडे वळायचं. सोप्पं विचारू नका हो आजोबा."

"बरं, मग हे?" मी नव्या फलकाकडे बोट दाखवलं.

"इथे पळायचं!" असं म्हणून तिने हाताला हिसका दिला. बोटं निसटली, पण फ्रॉकची बाही माझ्या मुठीत राहिली. पुढ्यातून भोंगा वाजवत टेम्पो गेला.

तिचं काय चुकलं? बाण असेल तिथे वळायचं, तर मुलं पळत असतील तिथे पळायचं.

"अगं, ते गाडीवाल्यांसाठी असतं. त्यांनी हळू जायचं."

"मग त्यांना बाईंनी शिकवलं नाही?"

तिची बाही मी अजून सोडली नव्हती. मी वर पाहिलं. त्रिकोणातली मुलं तशीच पळत होती. त्यांच्याबरोबर मोठं माणूस कोणीच नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.