डिस्ट्रिब्यूटरवरची लाल रेघ

हे माझ्या घरात कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच — आणि आता ते राहिले नाहीत. गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

नाना पेठेत आमचं गॅरेज आहे, वडिलांनी काढलेलं. अण्णा तिथले जुने मिस्त्री. रोज वाघोलीहून बसने यायचे — तेव्हा वाघोली गावच होतं. मला पाना धरायला त्यांनी शिकवलं. पण त्यांची खरी विद्या हातात नव्हती, कानात होती.

इंजिनात ठिणगी कधी पडावी, याला आम्ही टायमिंग म्हणतो. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ती पडायला हवी. फार लवकर पडली तर इंजिन खडखडतं. उशिरा पडली तर ओढत नाही, आणि चढावर तापतं. कार्बोरेटरच्या गाडीत हे हातानं लावायचं. डिस्ट्रिब्यूटर नावाचा एक डबा असतो — त्याचा बोल्ट सैल करून तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. बाकीचे मिस्त्री टायमिंग लाइट मारून इंजिनाच्या फिरत्या चाकावरची खूण बघत. अण्णा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग बोल्ट आवळून, आपल्या मुलीच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ मारायचे — अर्धी डब्यावर, अर्धी इंजिनावर.

"माझ्यामागं कुणी हात लावला, तर रेघ चहाडी करंल," म्हणायचे.

ती रेघ लक्षात ठेवा. सगळं तिथेच आहे.

मग फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आल्या. मी आठ दिवसांचं ट्रेनिंग करून आलो, सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी लावलं. सव्वीस-सत्तावीसचा होतो. या गाड्यांत ठिणगीची वेळ कॉम्प्युटर ठरवतो, क्षणाक्षणाला. पण सुरुवातीच्या काही गाड्या अर्ध्याच बदललेल्या होत्या — डोकं कॉम्प्युटरचं, डिस्ट्रिब्यूटर मात्र जुन्यासारखा, हाताने फिरणारा. तशीच एक गाडी साठेबाईंची. बाई सदाशिव पेठेतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. जीभ अजून नोकरीत होती.

त्या दिवशी अण्णांनी नेहमीसारखं कानाने टायमिंग लावलं, रेघ मारली आणि डबा उघडून जेवायला बसले. मी लाइट काढला. खूण पुस्तकातल्या आकड्यावर नव्हती, चांगली पुढे होती — म्हणजे ठिणगी लवकर पडत होती. खरं सांगू? मला बरं वाटलं. अण्णा चुकले, आणि मला कळलं — याचं बरं वाटलं. मी बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्यूटर मागे फिरवून आकडा जुळवला. लाल रेघ तुटली. दोन तुकड्यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर पडलं. अण्णांना सांगितलं नाही. दहा पावलांवर तर होते. का नाही सांगितलं?

चौथ्या दिवशी सकाळी गाडी दोरीने ओढून आणली. खंबाटकी घाटात उकळली होती, हेड गॅस्केट गेलं होतं. अण्णांची बस यायची होती. मी बॉनेट उघडलं, तुटलेली रेघ बघितली, आणि मग — तेव्हा कुठे — ट्रेनिंगची वही काढली. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: आधी कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये वायरचा तुकडा घाला. म्हणजे कॉम्प्युटर गप्प बसतो. मगच लाइट मारा.

मी वायर घातली नव्हती. कॉम्प्युटर आपल्या हिशेबाने ठिणगी पुढे घेत होता, आणि ते पुढे असणं मी अण्णांच्या नावावर टाकलं. तेवढीच ठिणगी मागे ओढली, ती उशिरा पडू लागली आणि चढावर इंजिन तापलं. अण्णांचा कान बरोबर होता.

आता ऐका. मी फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि रेघ पुसली. दोन्ही तुकडे. नीट, कोपऱ्यातसुद्धा काही राहू नये म्हणून दोनदा.

मग अण्णा आले, पाठोपाठ रिक्षातून बाई.

"दोन मिस्त्री, एक सर्टिफिकेट, आणि गाडी घाटात चहाला बसली," बाई म्हणाल्या. "टायमिंग कोणी लावलं होतं?"

"अण्णांनी," मी म्हणालो. "कानाने."

खोटं होतं का ते? लावलं तर अण्णांनीच होतं — असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला म्हणत आलो.

अण्णा बॉनेटखाली वाकले. डिस्ट्रिब्यूटरवरून अंगठा फिरवला. "रेघ मारायची बी इसरलो व्हय मी?" हे ते कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते. मग सरळ झाले आणि बाईंना हात जोडले. "बाई, चूक माजी हाय. कान गेलं वाटतं." बाई नुसत्या रिक्षाकडे वळल्या. मला त्यांच्या एका टोमण्याची तेव्हा फार गरज होती.

त्यानंतर अण्णांनी टायमिंगला हात लावला नाही. ब्रेक, क्लच करत राहिले. कार्बोरेटरची जुनी गाडी आली की म्हणायचे, "भाऊ, तू बघ." लाल बाटली ट्रेमध्ये सुकून गेली. पुढे डिस्ट्रिब्यूटरच गेला. आता प्रत्येक प्लगवर ठिणगीची वेगळी कॉइल असते, फिरवायला काही उरलं नाही, स्कॅनर लावला की आकडा दिसतो. तो कान नाहीतरी निकामी होणारच होता, अशी मी समजूत घालायचो. पण निकामी होणं वेगळं आणि बिघडला म्हणून सांगणं वेगळं. एवढं मला तेव्हाही कळत होतं.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी त्यांना कान तपासायला घेऊन गेली. तिथून ते थेट गॅरेजमध्ये आले, हातात रिपोर्टचा कागद.

"डॉक्टर म्हणत्यात, वयाच्या मानानं कान लई चांगलं हायेत. मग भाऊ — त्या दिशी काय झालं असंल रं?"

इतकी वर्षं त्यांनी तो दिवस बाळगला होता. तक्रार नव्हती आवाजात. मिस्त्री मिस्त्रीला बिघाड विचारतो तसं विचारलं. माझ्या हातात स्कॅनर होता. मी त्यातल्या आकड्यांकडे बघत राहिलो.

"जुनी गोष्ट अण्णा," मी म्हणालो. "चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्याच थंडीत ते वारले.

त्या दिवशी काय झालं, ते हे. रेघ तुम्ही मारली होती, अण्णा. मी पुसली.