सुनंदाची द्राक्षं

आठवडी बाजारात शेजारची सुनंदा द्राक्षं घेताना दिसली. ती शेतमजुरी करते. योजनेचे पैसे थेट तिच्या खात्यात यायला लागले, तशी ती बाजाराला एकटी येते. नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. घड तराजूत पडला, तेवढ्यात मागून गावातलेच एक गृहस्थ हसले.

"मजा आहे! सरकारच्या पैशावर द्राक्षं!"

तिनं घड परत ठेवला. मी म्हणाले, "घे की गं, पोरीसाठीच ना?"

"नको बाई, गावभर होईल." ती निघून गेली.

मी निवृत्त शिक्षिका. माझं पेन्शनही सरकारच देतं, पण त्यातून मी काय खाते हे आजवर कुणी विचारलं नाही. तिच्या हाती चार पैसे आले आणि सगळा गाव तिच्या पिशवीत डोकावू लागला. गरिबानं औषध घ्यावं, पीठ घ्यावं. गोड घेतलं की लगेच उधळपट्टी! मी चडफडत तिथेच उभी राहिले.

थोड्या वेळानं सुनंदा परत आली. "द्या तो घड. भाजीच्या खाली घाला."

"ताई, चिरडतील ना," फळवाला म्हणाला.

"चिरडू देत. दिसायला नकोत."